काळ्या टी-शर्टामागचं मीठ

नवा सुती कपडा घरात आला की आई तो आधी मिठाच्या पाण्यात भिजत घालायची. "रंग धरेल," म्हणायची. तरी पहिल्या दोन-तीन धुण्यांत बादलीतलं पाणी रंगायचंच. काळ्या कपड्याचं तर शाई ओतल्यासारखं व्हायचं. पण मीठ आणि सुती रंग यांचं नातं खरंच आहे. ते जुळतं रंगाच्या कारखान्यात, आणि तिथे मीठ मुठीने नाही, पोत्यांनी ओततात.

कापूस म्हणजे सेल्युलोज. पाण्यात बुडाला की त्याच्या धाग्यावर हलका ऋणभार येतो. आजची बहुतेक रंगीत सुती होजिअरी ज्या रिअ‍ॅक्टिव्ह रंगांत बुडवतात, त्यांचे रेणूही पाण्यात ऋणभारितच असतात. त्यामुळे धागा रंगाला दूर ढकलतो. मीठ टाकलं की सोडियमचे धनभारित कण मध्ये शिरतात, धाग्याचा ऋणभार झाकला जातो आणि रंग पाणी सोडून कापडाकडे सरकतो. मग सोडा घालून पाणी अल्कधर्मी केलं की रंगाचा रेणू सेल्युलोजशी पक्का रासायनिक बंध जोडतो. मीठ रंगाला दारापर्यंत आणतं, घरात घेतो तो सोडा. या घाईत काही रेणू धाग्याऐवजी पाण्याशीच बंध जोडून मोकळे होतात. ते पुन्हा कशालाच चिकटत नाहीत. आईच्या बादलीत उतरायचे ते हेच.

आता हिशेब करू. गडद छटेसाठी लिटरमागे ८० ग्रॅमपर्यंत मीठ लागतं. एक किलो कापडाला ८ लिटर पाणी धरलं तर मीठ झालं ६४० ग्रॅम. किलोभर कापडात पाच-सहा टी-शर्ट बसतात. म्हणजे एका काळ्या टी-शर्टामागे शंभर ग्रॅमहून जास्त मीठ. कापडात त्यातलं काहीच राहत नाही. धुवून काढलेल्या पाण्यातून सगळंच्या सगळं बाहेर जातं.

कुठे जातं, हे तामिळनाडूतल्या तिरुप्पूरने पाहिलं. भारताच्या सुती होजिअरी निर्यातीतला निम्म्याहून जास्त माल या एका गावातून जातो. गावातून वाहते नोय्यल. ती सह्याद्रीच्या वेळ्ळियंगिरी डोंगरात उगम पावते आणि पुढे कावेरीला मिळते. गावाच्या खालच्या अंगाला, शेतीला पाणी मिळावं म्हणून १९९२ च्या सुमारास ओरतुपाळयमचं धरण झालं. धरण भरलं, पण रंगाच्या कारखान्यांच्या खाऱ्या पाण्याने. ज्यांच्यासाठी ते बांधलं, त्याच शेतकऱ्यांवर "आमच्याकडे पाणी सोडू नका" असं म्हणायची पाळी आली. धरणाची याहून वाईट गत मला ठाऊक नाही.

खाऱ्या पाण्याने जमिनीचं काय होतं ते सांगली-कोल्हापूरच्या शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. सोडियम मातीतल्या कॅल्शियमची जागा घेतो, चिकणमातीचे कण सुटे होतात, छिद्रं बुजतात, आणि पाणी वरच साचून राहतं. वाळली की हीच जमीन दगडासारखी. आपण तिला चोपण म्हणतो. आपल्याकडे ती बऱ्याच ठिकाणी अतिपाण्याने झाली, नोय्यलकाठी टी-शर्टांनी झाली.

कायदा तेव्हाही होता. नदीत सोडायच्या सांडपाण्यात विरघळलेले क्षार लिटरला २१०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नकोत, असं मानक होतं. पण साध्या प्रक्रिया केंद्रात जिवाणू आणि चुना-तुरटीने रंग उतरतो, घाण बसते, मीठ मात्र जसंच्या तसं पुढे जातं. पाणी स्वच्छ दिसायचं आणि तेवढंच खारट असायचं. लाभक्षेत्रातले शेतकरी न्यायालयात गेले, २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. तरीही कारखान्यांतून पाणी सुटतच राहिलं, तेव्हा जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिरुप्पूरचे सातशेहून जास्त रंगाचे कारखाने एका आदेशाने बंद केले. अट एकच होती: सांडपाण्याचा थेंबही बाहेर जाता कामा नये.

ही अट पाळायची कशी, यातलं विज्ञान मला फार मोलाचं वाटतं. घरच्या आरओत एका नळीतून चांगलं पाणी येतं आणि दुसऱ्या नळीतून खारं पाणी मोरीत जातं. इथे ती दुसरी नळीच बंद करायची होती. आरओने बहुतेक पाणी परत मिळतं, उरतं ते दाट खारं पाणी. ते उकळून आटवायचं तर लिटरभर पाण्याच्या वाफेला ०.६ युनिटहून जास्त वीज लागेल. म्हणून वाफ वाया न घालवता ती दाबून आणखी गरम करतात आणि तिच्याच उष्णतेवर पुढचं पाणी आटवतात. मीठ परत मिळवायची युक्ती तर याहून सुंदर. रंगाऱ्याला साध्या मिठाऐवजी सोडियम सल्फेट, म्हणजे ग्लॉबर सॉल्टही चालतं. साधं मीठ थंड पाण्यात आणि गरम पाण्यात जवळपास सारखंच विरघळतं. ग्लॉबर सॉल्ट मात्र ३२ अंशांना १०० मिलिलिटर पाण्यात ५० ग्रॅमच्या आसपास विरघळतं आणि शून्य अंशाला जेमतेम ५ ग्रॅम. दाट पाणी गार केलं की त्याचे शुभ्र स्फटिक आपोआप खाली बसतात. ते उचलायचे आणि पुन्हा रंगाच्या हौदात टाकायचे.

आता तिरुप्पूरमध्ये अशी सुमारे १८ सामाईक केंद्रं चालतात. पण खर्च मोठा आहे, आणि बांगलादेश किंवा व्हिएतनाममधल्या कारखान्यांवर असं सरसकट बंधन नाही. बाजार इथे कसा वागला ते पाहण्यासारखं आहे. १९९० च्या दशकात जर्मनीने कर्करोगजनक घटक सोडणाऱ्या अ‍ॅझो रंगांवर बंदी घातली, आणि १९९७ मध्ये भारतानेही अशा ७० रंगांवर बंदी आणली. तो नियम गिऱ्हाइकाच्या कातडीसाठी होता, कापड प्रयोगशाळेत तपासलं की चोरी पकडता येत होती. मीठ कापडात सापडत नाही, घालणाऱ्याला बाधत नाही. म्हणून मिठाचा नियम युरोपच्या दुकानातून आला नाही, तो ओरतुपाळयमच्या शेतातून यावा लागला.

आता युरोपातही वारं बदलतंय. जुलै २०२४ मध्ये लागू झालेल्या तिथल्या नव्या कायद्यानुसार कपड्याला डिजिटल पासपोर्ट, म्हणजे तो कशाचा आणि कसा बनला याची नोंद, येणार आहे, आणि न विकलेले कपडे नष्ट करायला मोठ्या कंपन्यांना जुलै २०२६ पासून बंदी आहे. त्या पासपोर्टात पाण्याची आणि मिठाची नोंद असावी असं मला मनापासून वाटतं. पण नुसती नोंद मागून चालणार नाही. पाणी शुद्ध करायचा खर्च टी-शर्टाच्या भावात धरला जात नाही तोवर स्वस्तातला रंगारी कुठेतरी दुसऱ्या नदीकाठी सापडतच राहील. २०११ मध्ये तेच झालं होतं, कापड रंगवायला दुसऱ्या राज्यांत जाऊ लागलं. आणि आपल्या इचलकरंजीचा काळा ओढा आजही पंचगंगेलाच मिळतो.

तिरुप्पूरचा प्रश्नही पुरता सुटलेला नाही. स्फटिक काढून घेतल्यावर शेवटी एक मिश्र क्षार उरतो. त्यात साधं मीठ, सल्फेट, रंगाचा अंश असं सगळं असतं. तो वेगळा करता येत नाही, परत वापरता येत नाही, कोणी विकत घेत नाही. केंद्रांच्या आवारात तो पोत्यांत भरून थप्प्या लावून ठेवतात, वर छप्पर घालून. छप्पर गळून चालत नाही. एका पावसात ती पोती विरघळली तर मीठ पुन्हा नोय्यलमध्येच जाईल.