मध्ययुगीन ग्रामचर्च (इंग्लंड)

इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत अकराव्या ते सोळाव्या शतकांदरम्यान बांधलेले, एका धर्मग्रामापुरते (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीपुरते) चर्च. अशी हजारो चर्चे आजही वापरात आहेत. वास्तू टिकली, आतले सामान मात्र सोळाव्या शतकातील प्रोटेस्टंट धर्मसुधारणेच्या काळात बहुतेक ठिकाणी गेले. त्यामुळे ग्रामचर्च समजून घ्यायचे तर भिंतीतले कोनाडे, भोके आणि तुटलेल्या कडा वाचता आल्या पाहिजेत.

मूळ आराखडा दोन भागांचा असतो. पश्चिमेला नेव्ह, म्हणजे लोकांचे दालन. पूर्वेला त्याहून अरुंद व ठेंगणे चॅन्सेल, जिथे वेदी असे. सभामंडप व गाभारा डोळ्यांपुढे आणले तर ही मांडणी चटकन कळते. चॅन्सेलची डागडुजी दशांश (गावाच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा) घेणाऱ्या रेक्टरने, म्हणजे त्या चर्चच्या उत्पन्नाच्या हक्कदाराने, करायची आणि नेव्हची गावाने, अशी वाटणी असे. म्हणून लोकरीच्या व्यापारात पैसा आलेल्या गावांत नेव्ह उंच व उजेडाचे झालेले दिसते, आणि पलीकडचे चॅन्सेल जुनेच राहिलेले. वस्ती वाढली की नेव्हच्या भिंतीत कमानी पाडून बाजूला दालन जोडत. कमानींच्या वर बुजवलेल्या खिडकीचा तुकडा दिसला, तर ती भिंत पूर्वी बाहेरची होती हे नक्की.

भिंत साधारण पाऊण ते एक मीटर जाड असते. आतून-बाहेरून दगडांचा एकेक पदर, मधे चुन्यात कालवलेली भर आणि दोन्ही बाजूंना चुन्याचा गिलावा. पाया बहुधा उथळ असे. लगत थडगी खणली की तो उघडा पडे. शिवाय शतकानुशतकांच्या दफनांमुळे आवाराची जमीन वर चढते आणि ओल थेट भिंतीत शिरते. छप्पर आधी पुष्कळदा गवताचे व तीव्र उताराचे होते. पुढे शिशाचे पत्रे आले तसा उतार कमी झाला. जुन्या उताराची तिरपी रेघ मनोऱ्याच्या पूर्व अंगावर उमटलेली सापडते.

चॅन्सेलमधील वेदीचा माथा अखंड शिळेचा असे आणि तिच्यावर पाच क्रूस कोरलेले असत, चार कोपऱ्यांत चार व मधोमध एक. १५५० मध्ये दगडी वेद्या काढण्याचा हुकूम झाला. कित्येक शिळा फरशीत बसवल्या गेल्या. आज पायाखालच्या मोठ्या फरशीवर झिजलेले पाच क्रूस दिसले, तर ती वेदीच होय.

वेदीच्या दक्षिणेला भिंतीत पिसिना हे छोटे कुंड असते, तळाला भोक असलेले. मिस्सानंतर (वेदीवरच्या मुख्य उपासनेनंतर) चषक धुतलेले पाणी गटारात जाऊ नये, पवित्र जमिनीतच मुरावे, यासाठी ती सोय. नेव्हच्या भिंतीत पिसिना आढळला, तर तिथे एखादी उपवेदी होती हे ओळखावे. शेजारी धर्मगुरू व त्यांच्या दोन साहाय्यकांसाठी तीन आसने कोरलेली असतात. उत्तरेच्या भिंतीत काही ठिकाणी ईस्टरची समाधी, म्हणजे ख्रिस्ताच्या थडग्याचे प्रतीक असलेला कोनाडा असतो. लिंकनशरमधील हेकिंग्टनची शिल्पाकृती समाधी याचा उत्तम नमुना आहे.

नेव्ह आणि चॅन्सेल यांच्यामध्ये लाकडी जाळीचा पडदा असे. खालच्या फळ्यांवर संत रंगवलेले (नॉरफकमधील रॅनवर्थचा पडदा आवर्जून पाहावा), वर सज्जा, आणि त्याच्याही वर क्रुसावरचा ख्रिस्त, दोन्ही बाजूंना त्याची आई मारिया व शिष्य योहान. १५६१ च्या आदेशाने सज्जे उतरवले गेले. भिंतीत उंचावर एखादे दार निव्वळ हवेत उघडताना दिसते, ते या सज्ज्याच्या जिन्याचे.

सफकमधील वेनहॅस्टन इथे अंतिम न्यायाचे चित्र चॅन्सेलच्या कमानीत बसवलेल्या फळ्यांवर होते. धर्मसुधारणेनंतर त्यावर चुना फासला गेला. १८९२ मध्ये दुरुस्तीच्या वेळी या फळ्या काढून आवारात टाकल्या. पावसाने चुना धुतला गेला आणि चित्र वर आले. चित्राच्या मधोमध मनुष्याकृती कोऱ्या जागा आहेत. ख्रिस्त, मारिया व योहान यांच्या मूर्ती तिथे जडवलेल्या होत्या, म्हणून रंग तिथवर पोचलाच नाही. हरवलेल्या मूर्तींचे माप इतके नेमके क्वचितच हाती लागते.

भिंतीवरची चित्रे बहुधा सुक्या चुन्यावर, मुख्यतः गेरू व पिवळ्या मातीने काढलेली असत. दक्षिणेच्या दारातून आत येताच समोरच्या भिंतीवर प्रवाशांचा रक्षक संत क्रिस्तोफर दिसावा असा रिवाज होता. सरेमधील चॅल्डनचे आत्म्यांच्या शिडीचे चित्र सुमारे १२०० चे आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस अशी चित्रे जपण्यासाठी मेण चोपडत. त्याने ओल आत कोंडली आणि चित्रे काळवंडली.

दाराजवळ बाप्तिस्म्याचे दगडी कुंड असे, अर्भक बुडवता येईल एवढे. दगड पाणी शोषतो म्हणून आत शिशाचे अस्तर. मंत्रवलेले पाणी दीर्घकाळ साठवत. जादूटोण्यासाठी ते चोरीस जाऊ नये म्हणून कुंडाला कुलूपबंद झाकण असावे, असा कँटरबरीचे आर्चबिशप एडमंड यांचा १२३६ चा आदेश होता. कुंडाच्या काठावर समोरासमोर दोन ठिकाणी दगड टवका उडाल्यासारखा फुटलेला असतो, तो कुलपाच्या कड्या उपटल्यामुळे. हे कुलूप, घंटा व दोर, मिस्साग्रंथ, वस्त्रे, तिरडी हे सारे गावाने पुरवायचे असे. बाके मात्र उशिरा, मुख्यतः पंधराव्या शतकात आली. त्याआधी लोक उभे राहत वा गुडघे टेकत. म्हातारेकोतारे भिंतीलगतच्या दगडी ओट्यावर बसत.

एकोणिसाव्या शतकातील जीर्णोद्धारात जुना गिलावा खरवडून दगड उघडे केले गेले, आणि त्याबरोबर चित्रेही गेली. हे नुकसान भरून न येणारे आहे. त्याला विरोध म्हणून विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था स्थापली. पुढे दगडांमधल्या दर्जा (सांधे) सिमेंटने भरण्याची चूक सर्रास झाली. चुना ओल बाहेर जाऊ देतो, सिमेंट देत नाही. पाणी दगडातच अडकते, थंडीत गोठून फुगते आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. दर्जेतले सिमेंट जसेच्या तसे आणि भोवतीचा दगड खोलगट झिजलेला दिसला, तर सिमेंट हलक्या हाताने काढून पुन्हा चुनाच भरावा लागतो.