टायर ट्रॅक ईल: नाव एक, जाती दोन

शोभेच्या माशांच्या दुकानात 'टायर ट्रॅक ईल' म्हणून जे पिल्लू मिळतं, ते दोन जातींपैकी कुठलंही असू शकतं: मास्टासेम्बेलस आर्मेटस किंवा मास्टासेम्बेलस फेवस. आर्मेटस आपल्या ओळखीचा आहे. गोदावरी, भीमा, कृष्णेच्या काठी त्याला वाम म्हणतात आणि आवडीनं खातात. फेवस थायलंड-मलायाकडचा, त्याचं शास्त्रीय वर्णन १९२४ मध्ये सुंदरलाल होरा यांनी केलं.

नावात ईल असलं तरी हे खरे ईल नव्हेत. पाठीवर सुट्या काट्यांची रांग असते. एरवी ते काटे आडवे पडलेले असतात, मासा हातात धरला की ताठ होतात. या काट्यांची संख्या जात ठरवायला उपयोगी पडते, पण वाळूत घुसणाऱ्या जिवंत माशाचे काटे मोजणं जमण्यासारखं नाही. म्हणून नक्षीकडे वळावं लागतं.

नक्षी किती गडद आहे यापेक्षा ती कुठवर उतरली आहे ते पाहा. आर्मेटसची नागमोडी रेघ बहुतेक पाठीकडच्या अर्ध्या भागातच राहते, पोट फिकट आणि साधं असतं. फेवसच्या अंगावर मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते आणि ती पोटापर्यंत पोचते. गडदपणावर मात्र मुळीच विसंबू नये. घाबरलेला किंवा फिकट वाळूवर ठेवलेला मासा रंग उतरवतो. अगदी लहान पिल्लांत तर ही जाळी पुरती उमटलेलीही नसते. तेव्हा घाईनं नाव न देता पिल्लू थोडं वाढू द्यावं, हेच मला बरं वाटतं.

दुकानात मिळणाऱ्या 'पीकॉक ईल' या दुसऱ्या माशाचा घोळ वेगळा. मॅक्रोग्नॅथस ॲक्युलिॲटस या नावानं विकला जाणारा मासा पुष्कळदा मॅक्रोग्नॅथस सियामेन्सिस निघतो. सियामेन्सिसच्या पाठीच्या पराच्या मुळाशी डोळ्यांसारखे गोल ठिपके असतात, आणखी एक शेपटीच्या मुळाशी. कुशीवर तिरपे पट्टे नसतात. टायर ट्रॅकपासून तो शेपटीवरूनच वेगळा काढता येतो. सियामेन्सिसची शेपटी सुटी दिसते, तर आर्मेटस आणि फेवसचे पाठीचे व पोटाकडचे पर शेपटीला जाऊन मिळालेले असतात.

हा फरक टँक घेण्याआधीच कळायला हवा. सियामेन्सिस साधारण ३० सेंटिमीटरवर थांबतो, आर्मेटस ९० सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकतो. बोटभर लांबीच्या पिल्लाकडे पाहून हे कुणाच्या ध्यानातही येत नाही, आणि दोन-अडीच फुटांच्या टँकमध्ये पुढे त्या माशाचे हाल होतात.

जाणकाराकडून ओळखून घ्यायचं असेल तर मासा काचेला चिकटलेला असताना बाजूनं फोटो काढा. पोट आणि शेपटीचं टोक दोन्ही त्यात यायला हवीत. मासा कुठल्या देशातून आला तेही विचारून ठेवा. आर्मेटस आग्नेय आशियातही सापडतो, त्यामुळे तेवढ्यावर निर्णय होत नाही, पण 'भारतातल्या नदीतला' असं खात्रीनं कळलं, तर फेवस यादीतून गळतो.