हार्डनिंगला जॉब पाठवण्याआधी

वागळे इस्टेटमधलं आमचं हीट ट्रीटमेंटचं, म्हणजे गिऱ्हाइकांचे पोलादी भाग (आमच्या भाषेत जॉब) तापवून, थंड करून कडक करण्याचं दुकान तसं छोटंच आहे. दोन फर्नेस, एक तेलाची टाकी, एक पाण्याची. पण दर आठवड्याला एक प्रश्न ठरलेला: "डाय चांगली दिली होती, तुमच्याकडून तडकून आली. असं कसं?" प्रत्येकाला उभ्याउभ्या समजावण्यापेक्षा हे पत्रक काढलं.

विळ्याला पाणी पाजणारा लोहार करतो तेच आम्ही करतो. तो रंग बघतो, आम्ही थर्मोकपल, म्हणजे फर्नेसमधलं तापमान मोजणारं साधन. ओएचएनएस, म्हणजे तेलात कडक होणारं हत्यारांचं पोलाद, साधारण 800 अंश सेल्सिअसला तापलं की कार्बन लोखंडात विरघळतो. सावकाश थंड केलं तर तो निवांत बाहेर पडतो आणि पोलाद मऊ राहतं. तेलात बुडवलं तर त्याला तेवढी सवडच मिळत नाही. तो आत अडकतो, लोखंडाची जाळी ताणून धरतो, आणि पोलाद कडक होतं. या रचनेला मार्टेनसाइट म्हणतात, जर्मन धातुतज्ज्ञ अडॉल्फ मार्टेन्स यांच्या नावावरून.

गोम पुढे आहे. कंदिलाच्या तापलेल्या काचेवर पाण्याचा थेंब पडला की काच आकसून तडकते. पोलादाचंही तसंच होत असेल, असं बहुतेकांना वाटतं. पोलाद थंड होताना आकसतं हे खरं, पण मार्टेनसाइट होताना ते उलट फुगतं, आकारमानात सुमारे 4 टक्के. कातडी आधी थंड होते, आधी फुगते आणि कडक होऊन बसते. मागाहून गाभा फुगायला लागतो, तेव्हा कातडीत ताणायला जागा उरलेली नसते. ती फाटते. 'टिक' असा आवाज कधी टाकीतच येतो, कधी जॉब टेबलावर ठेवल्यावर अर्ध्या तासाने.

म्हणून जॉब 60 अंशांच्या आसपास, हाताला जेमतेम सोसेल इतका उतरला की लगेच टेम्परिंगला, म्हणजे ताण उतरवायला पुन्हा बेताचं तापवायला जातो. एका शनिवारी संध्याकाळी लाइट गेली आणि "सोमवारी बघू" म्हणून आम्ही पंचांची बास्केट तशीच ठेवली. सोमवारी तीन पंच मानेपाशी तडकलेले. पैसे आम्हीच भरले. तेव्हा "टेम्परिंग राहू द्या, आत्ता लगेच हवाय" असा आग्रह कृपया करू नका. देणार नाही.

मापाचं गणित वेगळंच. ईएन 8 ची (साधं, मध्यम कार्बनचं पोलाद) 10 मिमीची पिन पाण्यात आतपर्यंत कडक होते. त्याच मटेरियलचा 60 मिमीचा शाफ्ट होत नाही, कारण गाभ्यातली उष्णता बाहेर येईपर्यंत कार्बन निसटलेला असतो. फर्नेसचं तापमान वाढवून काही साधत नाही. जाड जॉबला ईएन 24 घ्या. त्यातलं निकेल, क्रोमियम आणि मॉलिब्डेनम कार्बनला रेंगाळायला लावतं, त्यामुळे तेलाचा संथ वेगही पुरतो.

खरी पंचाईत एकाच जॉबला जाड खांदा आणि बारीक शेपूट असली की होते. शेपूट कधीच थंड झालेली, खांदा अजून लाल, आणि दोघांच्या मध्ये टूलरूमने सोडलेला काटकोनी कोपरा. सगळा ताण तिथेच गोळा होतो. त्या कोपऱ्याला दीड-दोन मिलिमीटरचा रेडियस, म्हणजे गोलाई, दिला असता तर तो जॉब वाचला असता, असे जॉब आम्ही मोजायचं सोडून दिलंय. ठोकलेला नंबर पंचही तेच करतो, काठाला टेकलेलं भोकही. आकार बदलता येत नसेल तर डी2 हे टूल स्टील वापरा. ते हवेतही कडक होतं, त्यामुळे धक्का कमी बसतो.

तडा कधी पडला हे त्याच्या आतल्या रंगावरून बरंचसं कळतं. तुकडा मोडून बघा. आत काळी खवली (लाल तापल्यावर चढणारा ऑक्साइडचा थर) असेल तर तडा फर्नेसमध्ये जाण्याआधीचा, बारमधला किंवा फोर्जिंगचा. गवती पिवळी किंवा निळसर झाक असेल तर तो थंड करताना पडला आणि टेम्परिंगमध्ये रंगला. तिथे आमच्याशी भांडायला जरूर या. आत लख्ख असेल तर तो नंतरचा, आणि बहुतेक वेळा ग्राइंडिंगचा. वाळलेल्या चिखलासारखी बारीक जाळी दिसली तर शंकाच नको: चाकाखाली कातडी जळाली आणि कूलंटने तिला पुन्हा पाणी पाजलं.

ठाण्याच्या पावसात तेलाच्या टाकीत पाणी शिरतं. पाण्याची वाफ होताना ते हजार पटींहून जास्त फुगतं, तेल उसळतं आणि आग लागू शकते. थोड्या पाण्यानेही जॉब एका बाजूला मऊ, दुसऱ्या बाजूला तडकलेला निघतो. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही रोज सकाळी टाकीच्या तळाचं तेल काढून तपासतो. तेवढा अर्धा तास उशीर धरून चला.

जॉबसोबतच्या डिलिव्हरी चलनावर 'मटेरियल: हार्ड' असं लिहून येतं, त्यावरून आम्हाला काहीच कळत नाही. ग्रेड लिहा, हार्डनेस 58 ते 60 एचआरसी (रॉकवेल सी, कडकपणाचं माप) असा दोन आकड्यांत लिहा, आणि ग्राइंडिंगला किती मिमी ठेवलंय तेही. ग्रेड माहीत नसेल तर बारचा कापलेला तुकडा सोबत पाठवा, आम्ही आधी तोच करून बघू.