‘पुढील स्टेशन दादर’ आणि ‘आत सरका’

ही दोन्ही वाक्यं लोकलच्या एकाच डब्यात ऐकू येतात. पहिलं माहिती देतं, दुसरं काम सांगतं. व्याकरणात एकाला स्वार्थ म्हणतात, दुसऱ्याला आज्ञार्थ, आणि विषय तिथेच संपतो. पण आज्ञेतून खरंच काही कळत नाही का?

फरक आहे, यात शंका नाही. घोषणा दादरची झाली आणि आलं परळ, तर ‘चुकीचं सांगितलं’ म्हणता येतं. ‘आत सरका’वर ‘कुठे सरकू?’ म्हणता येईल, ‘खोटं!’ म्हणता येणार नाही. तत्त्वज्ञ एलिझाबेथ ॲन्स्कम यांनी 1957 साली यासाठी छान दाखला दिला: एक माणूस यादी घेऊन बाजारात गेलाय आणि त्याच्या मागावरचा गुप्तहेर तो काय घेतो ते टिपतोय. दोन्ही कागदांवर तेच शब्द. पण यादी आणि पिशवी जुळली नाही तर चूक खरेदीत. गुप्तहेराची नोंद जुळली नाही तर चूक नोंदीत.

इथवर ठीक. पण खरं-खोटं करता येत नाही म्हणून आज्ञा माहितीशून्य, हे मला पटत नाही. पावसात कुणी ‘खिडकी लावा हो’ म्हणालं की कळतं: खिडकी उघडी आहे, झड त्याच्या अंगावर येतेय, आणि खिडकी तुमच्या हाताशी आहे. यातलं काहीच त्यानं सांगितलेलं नसतं, सगळं धरून चाललेलं असतं. आणि हे मात्र खोडता येतं: ‘लावलेलीच आहे, काच फुटलीय.’ (‘येथे थुंकू नका’ ही पाटी तर त्या जिन्याचा इतिहासच सांगते.)

प्राभाकर मीमांसक (वेदवाक्यांचा अर्थ कसा लावायचा याचा विचार करणाऱ्या मीमांसा दर्शनातले, प्रभाकराचे अनुयायी) याच्याही पुढे गेले. थोरला धाकट्याला म्हणतो, ‘गाय आण.’ धाकटा आणतो. मग ‘गाय बांध’, मग ‘घोडा आण’. शेजारी बसलेलं मूल हे पाहत असतं आणि त्यातूनच शब्दांचे अर्थ शिकतं. आज्ञा एकाला, माहिती तिसऱ्याला!

विनंतीतून आणखी थोडं कळतं. ‘जरा सरकता का?’ विचारणाऱ्यानं, तुम्ही नाही म्हणू शकता हे मान्य केलेलं असतं. ‘सरक’ म्हणणाऱ्यानं नाही.

आणि उलटही चालतं. ‘मला दादरला उतरायचंय’ हे रूपानं निव्वळ निवेदन. त्यावर ‘बरं’ म्हणून दारात तसाच उभा राहणारा दादर येईपर्यंत बरंच काही ऐकून घेतो.