घरी जोडलेल्या संगणकासाठी एसएमपीएस निवडताना

स्वतः संगणक जोडू इच्छिणारे ग्राहक आमच्या रत्नागिरीच्या दुकानात येतात, तेव्हा त्यांच्या यादीत प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि रॅम यांची नावे मॉडेल क्रमांकासह असतात आणि शेवटच्या ओळीत नुसते ‘एसएमपीएस, ५०० वॅट’ एवढेच लिहिलेले असते. हे माहितीपत्रक त्या शेवटच्या ओळीविषयी आहे. घरातील २३० व्होल्टची एसी वीज घेऊन तिची १२, ५ आणि ३.३ व्होल्टची डीसी वीज करणे आणि ती प्रत्येक भागाला स्थिर दाबाने पुरवणे हे सगळे काम एसएमपीएसचा एकच डबा करतो. चांगल्या प्रतीचा डबा बिघडला तर बहुधा एकटाच बंद पडतो. हलक्या प्रतीचा डबा जाताना मदरबोर्ड आणि हार्ड डिस्कही जाळून जातो.

खोक्यावरचा आकडा आणि तक्त्यातला आकडा

मागच्या वर्षी एक विद्यार्थी आपला संगणक घेऊन आला होता. एरवी संगणक व्यवस्थित चालत असे, परंतु व्हिडिओ एक्स्पोर्ट करायला लावला की अर्ध्या मिनिटात बंद पडत असे. रॅम बदलून झाली होती, विंडोज दोनदा टाकून झाले होते. आम्ही कॅबिनेटची बाजू उघडून एसएमपीएसचे लेबल वाचले, तेव्हा वर ठळक अक्षरांत ‘५०० वॅट’ असे छापलेले होते आणि खालच्या तक्त्यात +१२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर. बारा गुणिले अठरा म्हणजे २१६ वॅट. आजचे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड आपली जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या लाइनवरूनच घेत असल्यामुळे, उरलेल्या लाइनवर कितीही अँपिअर लिहिलेले असले तरी त्यांचा अशा वेळी उपयोग होत नाही.

त्या संगणकात इंटेल कोअर आय५-१२४०० प्रोसेसर आणि आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड होते. प्रोसेसर जोरात चालताना ११७ वॅटपर्यंत जातो, कार्डाची मर्यादा १७० वॅट आहे; मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे यांचे मिळून ५० वॅट धरले तर बेरीज ३३७, म्हणजे सुमारे ३४० वॅट होते. शिवाय ग्राफिक्स कार्ड काही क्षणांपुरते आपल्या मर्यादेच्या बरेच वर उसळते. २०२२ साली आलेल्या एटीएक्स ३.० या मानकाने असे झटके सोसण्याची अट एसएमपीएसवर घातली, ती याच कारणाने. म्हणून या संगणकाला आम्ही ५५० वॅटचा, १२ व्होल्टच्या लाइनवर ४५ अँपिअर म्हणजे ५४० वॅट देणारा एसएमपीएस बसवला. एवढ्याच संगणकाला हजार वॅटचा घेण्याची गरज नाही. आपणही खरेदीपूर्वी तक्ता वाचून हा गुणाकार करावा आणि तो खोक्यावरच्या आकड्याच्या जवळ येत नसेल तर ते मॉडेल बाजूला ठेवावे.

‘८० प्लस’ म्हणजे काय आणि काय नाही

२००४ साली सुरू झालेली ‘८० प्लस’ ही एसएमपीएसची श्रेणी भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती वीज प्रत्यक्ष संगणकाला मिळते एवढेच सांगते. निम्म्या भारावर ब्राँझ श्रेणीची कार्यक्षमता किमान ८५ टक्के आणि गोल्डची ९० टक्के असावी लागते. हे आकडे ११५ व्होल्टवरील चाचणीचे आहेत. वरील संगणकाच्या ३४० वॅटसाठी ब्राँझ भिंतीतून ४०० वॅट घेईल आणि गोल्ड सुमारे ३७८. रोज आठ तास एवढ्या भाराने चालवला तरी महिन्याला सव्वापाच युनिटांच्या आसपास फरक पडतो, तेव्हा केवळ वीजबिलासाठी गोल्ड घ्यावा असे आम्ही सांगणार नाही. मात्र वाया जाणारी वीज उष्णता होऊन डब्यातच राहते. ही चाचणी सुमारे २३ अंश तापमानात होते, आणि मे महिन्यात आपल्याकडे बंद खोलीतल्या कॅबिनेटमध्ये काय तापमान असते हे आपण जाणताच. आतील कपॅसिटरचे (वीज साठवून ठेवणाऱ्या भागांचे) आयुष्य दर दहा अंशांच्या वाढीला साधारण निम्मे होते. म्हणून १०५ अंशांपर्यंत चालणारे कपॅसिटर असलेला आणि पाच वर्षे किंवा अधिक वॉरंटीचा एसएमपीएस आम्ही सुचवतो.

शॉर्टसर्किट, जास्त भार, जास्त किंवा कमी व्होल्टेज आणि अतितापमान यांपासूनच्या संरक्षणाबद्दल ‘८० प्लस’ काहीही सांगत नाही. ती माहिती उत्पादकाच्या तपशीलपत्रकात स्वतंत्रपणे पाहावी लागते. लेबलवर भारतीय मानक ब्युरोचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असेल तर तो बीआयएस केअर अ‍ॅपवर आपल्याला स्वतः तपासता येतो.

घरातील वायरिंग

कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटत असेल किंवा टेस्टर लावताच त्याचा दिवा लागत असेल, तर बहुतेक वेळा दोष एसएमपीएसचा नसून भिंतीवरील बोर्डाला अर्थिंग नसल्याचा असतो. एसएमपीएसच्या आतील फिल्टरचे कपॅसिटर डब्याच्या पत्र्याला जोडलेले असतात, आणि अर्थिंग नसेल तर तो पत्रा २३० च्या निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतो. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातील व्होल्टेज मोजून घ्यावे. ते दोन-तीन व्होल्टच्या आत असावे. तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन काढून वापरणे, किंवा दोन पिनांचा अडॅप्टर लावणे, कृपया कोणत्याही परिस्थितीत करू नये.

वीज गेल्यावर एसएमपीएस स्वतःच्या साठ्यावर जेमतेम १६ मिलिसेकंद तग धरतो. घरातील इन्व्हर्टरला ‘नॉर्मल’ आणि ‘यूपीएस’ असे बटण असल्यास ते ‘यूपीएस’वर ठेवावे, नाहीतर वीज जाताच संगणक पुन्हा सुरू होतो. नव्या एसएमपीएसमध्ये अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (घेतलेला प्रवाह विजेच्या लहरीशी जुळवून घेणारा भाग) असल्यामुळे चौकोनी लहरीचे इन्व्हर्टर त्यांना मानवत नाहीत. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच घ्यावा.

केबलविषयी एक कळकळीची सूचना

मॉड्युलर, म्हणजे केबल डब्यापासून सुट्या करता येणारा, एसएमपीएस बदलताना जुन्या केबल तशाच ठेवून फक्त डबा बदलू नये. मदरबोर्डकडचे टोक सर्वांचे सारखे असते, पण डब्याकडच्या टोकाची जुळणी प्रत्येक कंपनीची आणि कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचीही वेगळी असते. केबल बसते, कुठेही अडत नाही, आणि बटण दाबताच हार्ड डिस्कच्या ५ व्होल्टच्या तारेत १२ व्होल्ट जातात. अशी जळालेली डिस्क घेऊन आलेल्या ग्राहकाला त्यातले कुटुंबाचे फोटो परत मिळतीलच असे आम्ही सांगू शकत नाही. नव्या डब्यासोबत आलेल्याच केबल वापराव्यात आणि जुन्या केबल जुन्या डब्याबरोबरच ठेवाव्यात.

बंद पडलेला एसएमपीएस घरी उघडू नये, कारण प्लग काढल्यानंतरही आतील मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून अधिक व्होल्ट काही काळ राहतात. तो बिलासह दुकानात आणून द्यावा. नवीन संगणकाची यादी दाखवल्यास वरील पद्धतीने वॅटचा हिशेब आम्ही कागदावर मांडून देतो. त्यासाठी खरेदी आमच्याकडेच करावी अशी अट नाही.