कोणती आर्टरी फोर्सेप, कोणत्या सेटमध्ये, कोणत्या पेशंटला?

शस्त्रक्रियेच्या इन्स्ट्रुमेंटचा माग ठेवण्याविषयी, सांगली-मिरजेतल्या आमच्या ग्राहक रुग्णालयांसाठी

मंगळवारच्या ऑटोक्लेव्ह लोडमध्ये (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या एका खेपेत) ठेवलेली बायोलॉजिकल इंडिकेटरची नळी बुधवारी इन्क्युबेटरमधून काढली. जांभळी असायला हवी होती, पिवळी निघाली. म्हणजे तपासणीसाठी तिच्यात मुद्दाम ठेवलेले जिवाणू मेलेले नाहीत. तोवर त्या लोडमधले सेट वापरूनही झालेत. कुणाला?

रजिस्टरमध्ये ‘सिझर सेट 2’ (सिझेरियनचा दुसरा सेट) एवढे सापडते. पण त्यातली एक आर्टरी फोर्सेप, म्हणजे रक्तवाहिनी दाबून धरायचा चिमटा, दुसऱ्या सेटमध्ये कमी पडली म्हणून तिकडे गेली होती, हे कुणी लिहिलेले नसते. मिरजेला 1894 पासून, डॉ. वॉनलेस यांच्या मिशन हॉस्पिटलच्या काळापासून, लांबलांबचे पेशंट येतात. टाके निघाले की अथणी-जमखंडीकडचा माणूस आपल्या गावी जातो. त्याला परत बोलवायचे तर आधी तो कोण हे कळले पाहिजे. निर्जंतुकीकरणात बिघाड आढळला तर साहित्य परत मागवण्याची ठरलेली पद्धत हवी, असे रुग्णालयांना मानांकन देणारी एनएबीएच ही संस्थाही सांगते.

आम्ही काय करतो

प्रत्येक इन्स्ट्रुमेंटवर लेसरने डेटा मॅट्रिक्स कोड उमटवतो. साधारण 3 मिलिमीटरचा चौकोन, ज्वारीच्या दाण्याहून लहान. भिंगातून पाहिलेत तर दोन बाजूंना सलग रेघ दिसते आणि आत काळे-पांढरे ठिपके. थोडा भाग घासला गेला तरी स्कॅनर तो वाचतो. कोडमध्ये फक्त नंबर असतो, पेशंटची माहिती नसते. पॅकिंगच्या टेबलावर एकेक इन्स्ट्रुमेंट स्कॅन होते; पुढे ऑटोक्लेव्हपाशी आणि ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) पेशंटच्या नावावर फक्त सेटचे लेबल. नळी पिवळी निघाली की लोडचा नंबर टाका, सेट आणि पेशंटांची यादी समोर येते. नोंदींची एक प्रत रोज शहराबाहेर साठवली जाते. 2019 चा महापूर पाहिलेल्यांना याचे कारण सांगायला नको.

मार्किंग कुठे करायचे यात आम्ही हयगय करत नाही. जबडा, सांधा आणि रॅचेट (पकड अडकवणारे दाते) सोडून, दांड्याच्या सपाट भागावरच कोड येतो. लेसर खोल गेला तर तिथेच गंज धरतो, म्हणून वरचा थर फक्त काळा करतो आणि नंतर गंज धरू नये म्हणून सायट्रिक अ‍ॅसिडचे पॅसिव्हेशन देतो. क्रोम प्लेटिंगची जुनी इन्स्ट्रुमेंट आम्ही परत करतो, कारण प्लेटिंग फुटले की ती वाया जातात. ओळखीसाठी रंगीत टेप लावली असेल तर कृपया काढून टाका. तिच्या कडेखाली रक्त साठते.

हाडांच्या डॉक्टरांना वेगळी विनंती. इम्प्लांटचा सेट विक्रेत्याचा माणूस रात्री गाडीवरून आणून देतो, सकाळी केस होते, संध्याकाळी तोच सेट कोल्हापूरला. असे सेट तुमचे नसले तरी वापर तुमच्या टेबलावर होतो. आल्या-आल्या त्यांना तात्पुरते लेबल लावा आणि न धुता पुढे पाठवू नका.

हेही स्पष्ट सांगतो

स्कॅनरमुळे ओटीतला काउंट, म्हणजे इन्स्ट्रुमेंटची मोजणी, टळत नाही. आमच्यातल्या एकाने ओटी असिस्टंट असताना एका रात्री मॉस्किटो फोर्सेपसाठी (अगदी लहान चिमट्यासाठी) कचऱ्याची बादली फरशीवर पालथी केली होती. पेशंट टेबलावर, सर्जन थांबलेले, एक्स-रे काढलेला. फोर्सेप सापडली ती धुण्याच्या गाठोड्यात, गाउनच्या घडीत. कुठलाही कोड ती जागा दाखवू शकला नसता. सिस्टरांनी टाक्यांआधी काउंट केला म्हणून ती शोधली गेली. दोघांनी मिळून मोठ्याने मोजणे चालूच ठेवा. कोड स्कॅन झाला म्हणजे वाफ नीट लागली असेही नाही. ऑटोक्लेव्हमधली हवा पूर्ण निघते का हे पाहणारी रोज सकाळची बोवी-डिक टेस्ट आणि इंडिकेटर पूर्वीसारखेच हवेत.

सुरुवात सगळ्या ओटीची नको, रोज फिरणाऱ्या एका सेटची करू. लेसर मशीन आम्ही घेऊन येतो. केस नसलेली दुपार कळवा, सेट धुऊन कोरडा करून ठेवा आणि त्या दिवशी पॅकिंग करणाऱ्या मावशींना मोकळे ठेवा, कारण स्कॅनर आधी त्यांच्या हाती द्यायचा आहे. मार्किंगनंतर सेट पुन्हा धुऊन ऑटोक्लेव्ह करावा लागेल, तेव्हा दुसऱ्या सकाळच्या केससाठी वेगळा सेट तयार असू द्या.