वळवाचे चार थेंब आणि चिनी मातीवरचा सिलिकॉनचा थर

लाइट जायला धो-धो पाऊसच लागतो असं नाही; वळवाचे चार थेंब पुरतात. फांद्या आणि विजा यांचा त्यात मोठा हात असतोच. पण ११० किंवा २२० केव्हीच्या (किलोव्होल्टच्या) लाइनवर आणखी एक कारण असतं, ते म्हणजे तारेतली वीज खांबात उतरू न देणाऱ्या इन्सुलेटरवर साचलेली घाण. बेळगाव जिल्ह्यात चिकोडी, अथणी, गोकाककडे उसाचा हंगाम संपेपर्यंत कारखान्यांची राख, पेटवलेल्या पाचटाची काजळी आणि रस्त्याची धूळ इन्सुलेटरच्या चिनी मातीच्या डिस्कवर बसते. कोरडी असताना ती निरुपद्रवी. झिमझिम किंवा पहाटेचं दव पडलं की तिच्यातले क्षार विरघळतात, पृष्ठभागावरून थोडा करंट वाहू लागतो, ओल ठिकठिकाणी सुकते आणि त्या सुक्या पट्ट्यांवरून ठिणग्या उडतात. त्या एकमेकींना मिळाल्या की लाइन ट्रिप, म्हणजे आपोआप बंद. मुसळधार पाऊस उलट डिस्क धुऊन काढतो.

टांगत्या डिस्कची रचना हेवलेट आणि बक या अमेरिकन इंजिनिअरांनी १९०७ च्या सुमारास पुढे आणली. ताकद आली, पण चिनी मातीवर आणि काचेवर पाणी पसरतं, हा दोष राहिलाच. उपाय दोनच: लाइन बंद करून फडक्यानं पुसायचं, नाहीतर फवाऱ्यानं धुवायचं.

१९४० साली अमेरिकेत रसायनशास्त्रज्ञ युजीन रोचोव्ह यांना पाणी झटकणारं सिलिकॉन मोठ्या प्रमाणावर बनवण्याचा मार्ग सापडला आणि पुढे सिलिकॉन ग्रीस आलं. ग्रीस धूळ गिळतं, पण पोट भरलं की खरवडून पुन्हा लावावं लागतं. ते चिकट काम ज्यांच्या वाट्याला आलं, त्यांनाच त्याचा वैताग विचारावा.

मग आरटीव्ही, म्हणजे साध्या तापमानालाच रबर होणारा सिलिकॉनचा लेप आला. रंगासारखा फवारायचा, हवेतल्या ओलाव्यानं त्याचं रबर बनतं, जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आत-बाहेर. त्यात मिसळलेली ॲल्युमिना ट्रायहायड्रेटची भुकटी ठिणग्यांच्या उष्णतेपासून तो वाचवते. खरी करामत वेगळीच आहे: रबरातले सिलिकॉनचे छोटे रेणू वर बसलेल्या धुळीत झिरपतात आणि घाणही पाणी झटकू लागते. सतत भिजल्यावर हा गुण मंदावतो, सुकल्यावर परततो.

नव्या लाइनवर आता सरळ पॉलिमर (सिलिकॉन रबरासारख्या पदार्थाचे) इन्सुलेटरच लावता येतात. लेपाची खरी गरज सबस्टेशनमधल्या जुन्या बुशिंगना (ट्रान्सफॉर्मरमध्ये तार आत नेणाऱ्या चिनी मातीच्या नळ्यांना), कारण ती बदलणं महाग पडतं. तोही आधी ऊसपट्ट्यात लावावा. भरपूर पावसाच्या कणकुंबी-जांबोटीकडे धुण्याचं काम पाऊसच करतो.